अर्धी करंजी

फार जुनी गोष्ट आहे. खाडीचं पाणी तेव्हाही खारटच होतं, पण दारावर नावाच्या पाट्या नव्हत्या. अंगणात उभं राहून हाक मारली की काम भागायचं. अशा काळी खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाचं नाव मला विचारू नका. नाव सांगितलं तर तुम्ही उद्याच तिथे करंज्या मागायला जाल.

या गावचे लोक मीठ पिकवत. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, उन्हात आटवायचं आणि खाली उरलेलं पांढरं मीठ ओढून त्याच्या राशी घालायच्या. वर्षभर हातापायांना मीठ चरचरायचं. अशा या खारट माणसांचा वर्षातला एकच गोड दिवस होता, तो म्हणजे नाताळ.

नाताळच्या सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपली, तिथल्या गोठ्यातल्या बाळाला हात जोडून झाले, की दुपारी आळीत ताटं निघायची. या घरातून त्या घरी फराळाचं ताट आणि वर विणलेला रुमाल. ज्या घरी ताट गेलं, त्या घराने ते रिकामं परत पाठवायचं नाही. तसं तर आपणही शेजारणीची वाटी चिमूटभर साखर घालूनच परत करतो. पण त्या गावात हा नियम भलताच कडक होता. "झाकून जावं, भरून यावं," असं तिथल्या बायका म्हणत. कुणाचं ताट रिकामं परत गेलं तर त्या घराची वर्षभर नाचक्की होई.

या आळीत रुफीना राहायची. नवरा देवाघरी गेलेला, लेकरू नाही. पण हाताला अशी चव, की तिच्या घरी तळणीचा वास सुटला की आळीतली कुत्रीसुद्धा तिच्या ओट्याशी शहाण्यासारखी बसून राहत. समोरच्या घरात ब्रिजीत होती. दोघी एकाच आठवड्यात या आळीत नवऱ्या होऊन आल्या. दोघींनाही पहिल्या दिवशी विहिरीचा रहाट ओढता आला नव्हता, आणि दोघी एकमेकींना हसल्या होत्या. तेव्हापासून तीस वर्षं रुफीनाचं पहिलं ताट ब्रिजीतकडे जायचं आणि ब्रिजीतचं रुफीनाकडे.

आता खरं सांगायचं तर रुफीना मनाची वाईट नव्हती, पण तिला कौतुकाची फार हौस. आधी सगळ्यांच्या ताटात पाच जिन्नस असायचे. एका वर्षी रुफीनाने सात केले. लोकांनी वाहवा केली. पुढच्या वर्षी नऊ झाले, त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. करंज्या, चकल्या, लाडू, नारळाच्या वड्या, अनारसे, आणि आणखी काय काय! ताटावरचा रुमाल डोंगरासारखा वर उचललेला दिसायचा. मग आळीतल्या बाकीच्या बायकांनाही मागे राहून कसं चालेल? सगळ्यांची ताटं फुगत गेली. ब्रिजीतचं ताटही अकरा जिन्नसांचंच परत यायचं. त्यासाठी ती काय करते, हे रुफीनाने कधी विचारलं नाही. एकदा नाताळनंतर तिने नुसतं म्हटलं होतं, "काय गो, तुझ्या कोंबड्या दिसत नाहीत त्या?" ब्रिजीत म्हणाली होती, "मुंगसाने नेल्या." रुफीनाला ते खरं वाटलं होतं.

मग वाईट दिवस आले. एका वर्षी राशींवर झावळ्या टाकायच्या आतच अवकाळी पाऊस कोसळला. वर्षाचं मीठ पाण्यात विरघळलं आणि जिथून आलं होतं त्या खाडीतच परत गेलं. त्या नाताळला ब्रिजीतने रुफीनाचं ताट परत पाठवलं, त्यात फक्त पाच करंज्या होत्या.

रुफीनाच्या डब्यात अजून जुन्या वर्षाची बेगमी होती, त्यामुळे तिला पाऊस तितकासा लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी विहिरीवर चार बायका जमल्या आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "यंदा ब्रिजीतच्या ताटात माश्यांना सभा भरवायला जागा होती!"

बायका खो खो हसल्या. जिभेला हाड नसतं, हे काही खोटं नाही. ब्रिजीत घागर घेऊन मागेच उभी होती. रिकामी घागर घेऊन ती तशीच परत गेली, आणि त्या दिवसापासून तिचं समोरचं दार रुफीनासाठी बंद झालं.

रुफीनाला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल. दोन दिवसांचे दोन महिने झाले, आणि बघता बघता वर्ष सरत आलं. रोज सकाळी ती ओट्यावर तांदूळ निवडायला बसे आणि समोर बघे. ब्रिजीत मागच्या दाराने ये-जा करायची. पूर्वी रुफीनाच्या आमटीत मीठ जास्त पडलं तर समोरून हाक यायची, "रुफीना, आज खाडीच ओतलीस की काय?" वासावरून ब्रिजीतला कसं कळायचं, देव जाणे. आता आमटी खारट होवो की अळणी, कुणी काही म्हणत नव्हतं. माणसाची आठवण सणासुदीला येते म्हणतात; रुफीनाला ती रोज आमटीच्या पहिल्या घासाला यायची.

त्यातच त्या वर्षी बांधही फुटला. वाफ्यांत चिखल भरला आणि गावात मीठ पिकलंच नाही. कर्ती माणसं कामाला दूर निघून गेली. घराघरांतले डबे वाजू लागले, आणि या वेळी रुफीनाचेही वाजू लागले. दोन्ही वेळेला पेज, आणि पेजेबरोबर भाजलेला बोंबील मिळाला तर मेजवानी!

नाताळला आठवडा उरला होता. चर्चची घंटा वाजवणारे इनासबाबा आळीच्या अगदी शेवटच्या घरात एकटेच राहत. तोंडात दात नाही, पण नाताळच्या ताटाची वाट मात्र लहान पोरासारखी बघायचे. ते काठी टेकत रुफीनाच्या ओट्याशी थांबले.

"रुफीनाबाय, यंदा ताटं निघणार ना?"

"कसली ताटं घेऊन बसलात, बाबा! घरात उंदीरसुद्धा उपाशी आहेत."

"ते झालंच. पण निघणार ना?"

रुफीना उठून आत गेली. म्हातारा हळूहळू पुढे गेला.

आळीत मात्र न ठरवता सगळ्यांचं एकच ठरलं होतं. आपण ताट पाठवायचं नाही, हे सोपं होतं. पण दुसऱ्याचं आलं तर? ते भरून द्यायला काय आहे? म्हणून नाताळच्या दिवशी मिस्सेहून घरी आल्याबरोबर एकेका घराने आतून कडी लावून घेतली. बाळांनो, त्या गावात दिवसाढवळ्या कधी कुणी कडी लावली नव्हती. दारात नाताळचे तारे टांगले होते, पण तारा बाहेर आणि माणसं आत. चौदा घरांची आळी, आणि भर दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं.

रुफीनाने मात्र कडी लावली नाही. ती खिडकीशी बसून समोरच्या दाराकडे बघत राहिली. मिस्सेला ब्रिजीत पुढच्या बाकावर बसली होती. तिची मान आता बारीक झाली होती, आणि डोक्यावरची ओढणी तीच, लग्नाच्या पुढच्या वर्षी दोघींनी जोडीने घेतलेली. तिला करंज्या नको होत्या, चकल्या नको होत्या. ब्रिजीतने एकदा समोरून हाक मारावी, वाटलं तर शिवी द्यावी, एवढंच हवं होतं.

अखेर ती उठली आणि डबे खरवडले. मूठभर रवा निघाला, गुळाचा एक खडा, खोबऱ्याची एक वाटी आणि बुधल्याच्या तळाशी पळीभर तेल. एवढ्यात चार लहान करंज्या झाल्या असत्या. पण चार करंज्या ताटात घातल्या तर भीक घातल्यासारखं दिसेल, असं तिला वाटलं. म्हणून तिने सगळ्या पिठाची मिळून एकच करंजी केली, तळहाताएवढी! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

करंजी कशीबशी तळून झाली. पितळी ताटाच्या मधोमध ठेवली तरी ताट उघडंबोडकंच दिसत होतं. मग रुफीनाने एक युक्ती केली. दोन वाट्या ताटात पालथ्या घातल्या, त्यांच्यावर करंजी ठेवली आणि वरून सासूने विणलेला रुमाल पसरला. ताट कसं भरगच्च दिसू लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत ती ताट उचलून निघाली.

उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. ब्रिजीत रुमाल उचलेल तेव्हा खाली पालथ्या वाट्या दिसतील. गेल्या वर्षी ब्रिजीतच्या ताटात पाचच करंज्या होत्या, पण पालथी वाटी एकही नव्हती. घरात होतं तेवढं तिने सरळ समोर ठेवलं होतं, आणि आपण त्याला हसलो होतो. हे सगळं रुफीनाला उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती परत आत आली. तिने वाट्या काढल्या. रुमालही काढून खुंटीला टांगला. मग ते एका करंजीचं उघडं ताट घेऊन ती आळीत उतरली. त्या गावात उघडं ताट घेऊन बाहेर पडलेली ती पहिलीच बाई.

समोरच्या दाराशी जाऊन तिने कडी वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी."

मग ब्रिजीत म्हणाली, "ताट आणलं असशील तर परत ने. माझ्याकडे भरून द्यायला काही नाही. आणि आमचं ताट तुझ्या पसंतीला उतरत नाही."

"ब्रिजीत, माझ्या ताटात एकच करंजी आहे."

"माझी थट्टा करायला आलीस? विहिरीवर हौस भागली नाही?"

"थट्टा नाही गो." रुफीना दाराच्या अगदी जवळ सरकली. "त्या दिवशी माझी जीभ सडली असती तर बरं झालं असतं. मी चुकले. तुझं भरलेलं ताट मला हलकं वाटलं. वर्ष झालं, मला घास गोड लागत नाही. दार नको उघडूस, पण तिथून एकदा माझ्या नावाने ओरड तरी."

मग कडी सरकली आणि दार बोटभर उघडलं. ब्रिजीतने आधी रुफीनाच्या तोंडाकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"रुमाल कुठाय?"

"घरी ठेवला."

ब्रिजीत त्या करंजीकडे बघत राहिली. "ही करंजी आहे की होडी?" ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग काय, रुफीनाही रडली. दोघी दाराच्या अलीकडे पलीकडे उभ्या राहून इतक्या रडल्या, की ताटातल्या करंजीवर दोन थेंब पडले. मिठाचा दुष्काळ तेवढ्यापुरता संपला म्हणायचा!

"कोंबड्या मुंगसाने नेल्या नव्हत्या," ब्रिजीत डोळे पुसत म्हणाली. "तुझ्या अकरांना अकरा पुरे करायला मी दर नाताळला विकायचे त्या."

रुफीनाने ब्रिजीतचा हात धरला. तो हात मिठाने फुटलेला होता, तिच्या स्वतःच्या हातासारखाच.

"आता आत ये," ब्रिजीत म्हणाली, आणि मग एकदम थबकली. "पण रुफीना, हे ताट मी रिकामं कसं परत देऊ गो? सणाच्या दिवशी?"

हाच तर प्रश्न होता. याच प्रश्नापायी आळीभर कड्या लागल्या होत्या. रुफीनाने मान खाली घातली.

ब्रिजीतने करंजी उचलली, मधोमध मोडली, अर्धी स्वतःच्या हातात ठेवली आणि अर्धी ताटात परत ठेवली.

"घे," ती म्हणाली. "तुझं ताट भरलं."

रुफीना त्या अर्ध्या करंजीकडे बघत राहिली. तीस वर्षांत तिच्या घरी अकरा-अकरा जिन्नसांची ताटं आली होती, पण एवढं भरलेलं ताट कधी आलं नव्हतं.

दोघी ओट्यावर बसल्या. रुफीनाने आपल्या अर्धीतला तुकडा तोंडात टाकला. इतक्या दिवसांनी घास गोड लागला. ब्रिजीत मात्र आपली अर्धी हातात घेऊन शेजारच्या बंद दाराकडे बघत होती. मग ती उठली, आतून स्वतःचं ताट आणलं, आपली अर्धी त्यात ठेवली आणि रुमाल न घालताच शेजारच्या घराची कडी वाजवली.

"आमच्याकडे परत द्यायला काही नाही!" आतून आवाज आला.

"मी आणलंय त्यातलंच द्यायचं आहे," ब्रिजीत म्हणाली. "मोडायचं आणि अर्धं परत द्यायचं. दार तर उघड!"

दार उघडलं. करंजीचे पुन्हा दोन तुकडे झाले. त्या घरची बाई आपला तुकडा घेऊन पुढच्या घरी गेली, पुढची त्याच्या पुढे. एकेक कडी निघत गेली. बायका बाहेर आल्या, पोरं बाहेर आली, म्हाताऱ्या भिंतीला धरून बाहेर आल्या. पोट कुणाचंच भरलं नाही, ते शक्यही नव्हतं. पण मघापर्यंत कड्या लावून बसलेली माणसं आळीत उभी राहून, "तुझ्या वाट्याला केवढी आली, दाखव बघू," म्हणून हसत होती. कुणीतरी नाताळचं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं.

करंजी शेवटच्या घराशी पोचली तेव्हा ताटात फक्त एक कण होता. तीळसुद्धा त्याहून मोठा असतो. इनासबाबांच्या दाराला कडी नव्हतीच. ते मिस्सेहून आल्यापासून दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसले होते, धुतलेला सदरा घालून.

"बाबा, एवढंच उरलं," ताट घेऊन आलेली बाई ओशाळून म्हणाली.

म्हाताऱ्याने बोटाच्या टोकावर तो कण घेतला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. "बरं झालं," ते म्हणाले. "मोठं असतं तर चावलं नसतं." मग ते विचारात पडले, कारण त्या कणाचे दोन भाग काही होईनात. शेवटी त्यांनी अंगणातलं अबोलीचं एक फूल खुडून ताटात ठेवलं, आणि काठी टेकत घंटा वाजवायला निघाले. वेळ कसलीच नव्हती. पण त्या दुपारी घंटा खूप वेळ वाजत राहिली आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

पुढे दिवस पालटले. गेलेली माणसं परत आली, सगळ्यांनी मिळून बांध घातला, वाफ्यांत पुन्हा पांढऱ्या राशी उभ्या राहिल्या. नाताळची ताटंही पुन्हा भरली. पण त्या गावात ताटावर परत कधी रुमाल पडला नाही. आणि फराळ कितीही असो, प्रत्येक ताटात सगळ्यात आधी एक अर्धी करंजी ठेवायची, ही नवी रीत पडली.

खूप वर्षांनी रुफीना पार म्हातारी झाली. ब्रिजीत तिच्या आधीच गेली होती आणि समोरचं दार आता खरोखरच बंद होतं. एका नाताळला आळीत नवी आलेली सून रुफीनाच्या हाताखाली फराळ करत होती. तिने विचारलं, "काकी, आता डबे भरलेले आहेत. मग ही अर्धी कशाला? अख्खी का नाही ठेवायची?"

रुफीनाने करंजी मोडली. समोर बघत ती म्हणाली, "अख्खी दिली की देणं संपतं, बाय. अर्धी दिली की मागे राहिलेल्या अर्धीला तिची ओढ राहते."

मग ती भिंतीला धरत आळीत उतरली आणि दरवर्षीसारखी अर्धी करंजी ब्रिजीतच्या ओट्यावर ठेवून आली. संध्याकाळपर्यंत ती चिमण्यांनी खाल्ली. दुसरी अर्धी रुफीनाने स्वतः खाल्ली, आणि तिला ती गोड लागली.

लहानांनो आणि थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: ज्याच्याजवळ अर्धं आहे, त्याच्याजवळ देण्याइतकं आहे.